सेमी-हॉलो बेस गिटार : काय बदलावे, काय राखावे

साठच्या दशकातील घाटाच्या सेमी-हॉलो बेस गिटारविषयी वाचकांची पत्रे साचत गेल्यामुळे या वेळचे सदर त्याच एका वाद्यासाठी राखून ठेवले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी साठच्या दशकातील नमुन्यावर अलीकडे बनवलेली सेमी-हॉलो बेस गिटार घेतली आहे. तिची स्केल, म्हणजे किल्ल्यांजवळच्या नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी, ३०.५ इंचांची असून नेकला लागून एकच मोठा हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा, पिकअप आहे. एकट्याने वाजवताना तिचा मऊ, भरदार आवाज फार आवडतो. परंतु ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की सूर एकमेकांत मिसळतात आणि नुसती गढूळ गुरगुर ऐकू येते. पिकअप, ब्रिज आणि ट्यूनिंगच्या किल्ल्या एकदमच बदलून घ्याव्यात, असा विचार आहे. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : सुरुवात तारांपासून करावी आणि पिकअप बदलण्याची वेळ येते का, ते सर्वांत शेवटी पाहावे. हा क्रम का सुचवला आहे, ते कळण्यासाठी आपल्या वाद्याचा आवाज मुळात कशामुळे असा आहे, ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

आपल्या वर्णनावरून वाद्याचा मूळ नमुना गिब्सनची ईबी-२ असावा. गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ ही गिटार आणली आणि त्याच वर्षी तिच्याच अंगकाठीवर ही बेस बेतली. पातळ खोके, दोन्ही बाजूंना पोकळी, वरच्या फळीवर एफ आकाराची छिद्रे आणि मधोमध नेकपासून शेपटापर्यंत गेलेला भरीव लाकडाचा ठोकळा, अशी ही रचना आहे. तिचे एपिफोन घराण्यातील भावंड, रिव्होली, १९५९ मध्ये आले. फेंडरच्या प्रिसिजन बेसमुळे १९५१ पासून ३४ इंचांची स्केल रुळू लागली होती. गिब्सनने या वाद्यांसाठी मात्र ३०.५ इंचांचीच स्केल ठेवली. पोकळ खोक्याकडे सर्वांचे लक्ष जाते, पण अँप्लिफायरमधून येणाऱ्या आवाजावर या साडेतीन इंचांचा परिणाम खोक्यापेक्षा अधिक असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारेचा ताण तिच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीच तार त्याच सुरात लावली, पण लांबी ३४ ऐवजी ३०.५ इंच ठेवली, तर ताण सुमारे १९ ते २० टक्क्यांनी उतरतो. तार सैल पडते, बोटाखाली मऊ लागते, छेडल्यावर अधिक झुलते आणि तिच्या सुरात मूळ स्वराचा वाटा वाढतो. उतरलेला ताण जाड तारेने भरून काढायचा, तर तारेचे दर इंचामागचे वजन सुमारे २४ टक्क्यांनी वाढवावे लागते. येथे दुसरी अडचण उभी राहते. जाड आणि आखूड तार ताठ असते, आणि ताठ तारेचे उपस्वर मूळ सुराच्या अचूक पटीत न राहता किंचित चढे होतात. ई तारेचा, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झचा सूर ‘नेमका कोणता’ हे कानाला त्या उपस्वरांवरूनच कळत असते. ते विस्कटले की सूर आहे पण ओळखू येत नाही, अशी अवस्था होते. म्हणून सैल तार आणि ताठ तार यांच्यामधला सुवर्णमध्य शोधणे, हेच या वाद्याच्या सुधारणेतील सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी खर्चाचे काम आहे.

आपल्या गिटारवर सध्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या) तारा असतील, तर एकदा निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारा लावून पाहाव्यात. त्या फार खरखरीत वाटल्या, तर वरून घासून सपाट केलेल्या हाफ-राउंड तारा हा मधला मार्ग आहे. ब्रिजजवळ निमुळती होत जाणारी ई तार मिळाली, तर ती अवश्य घ्यावी, कारण तिचा ब्रिजवर टेकणारा भाग बारीक असल्याने सूर अधिक स्वच्छ लागतो. फ्लॅटवाउंड तारांशी माझे वैर नाही. बेसवादक जेम्स जेमरसन यांनी जाड फ्लॅटवाउंड तारांवरच मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांचा पाया रचला. परंतु त्यांची बेस ३४ इंचांची प्रिसिजन होती आणि तिचा पिकअप नेकपासून बराच दूर होता, हे विसरून चालणार नाही.

आता पिकअपकडे वळू. नेकला लागून असलेल्या पिकअपखाली तार अधिक झुलते, त्यामुळे तेथे मूळ स्वर ठळक पकडला जातो आणि वरचे उपस्वर मागे पडतात. त्यातच साठच्या दशकातील ईबी मालिकेतील हंबकरच्या गुंडाळ्यांना तारेचे प्रचंड वेढे असत. त्यांचा रोध ३० किलोओहमच्या आसपास भरतो, तर प्रिसिजनच्या पिकअपचा साधारण १० ते १२. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, आणि इंडक्टन्स वाढला की पिकअपचे अनुनादाचे शिखर खाली सरकून वरच्या कंप्रता कापल्या जातात. गढूळपणाची तक्रार तेव्हाही होती, म्हणूनच ईबी-२ वर खर्ज कापणारे ‘बॅरिटोन’ नावाचे बटण देण्यात आले.

पिकअप न बदलता करण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. प्रथम तो खाली उतरवावा, आणि ई तारेकडील बाजू जी तारेकडील बाजूपेक्षा थोडी अधिक उतरवावी. जवळ आणलेला पिकअप जोरात वाजतो खरा, पण सैल ई तार त्याच्यावर झुलू लागली की आवाज फुगतो. अँप्लिफायरवर ८० हर्ट्झच्या आसपासचा भाग किंचित कमी करून ७०० ते ८०० हर्ट्झचा भाग वाढवावा. एकट्याने ऐकताना हा आवाज आपल्याला पातळ वाटेल. त्याचा निवाडा ड्रम वाजत असतानाच करावा. लांब आणि जुनाट केबलऐवजी कमी कपॅसिटन्सची आखूड केबल वापरावी, कारण केबलचा कपॅसिटन्स पिकअपच्या इंडक्टन्सशी मिळून शिखर आणखी खाली ओढतो. पिकअपमधून चार वायरी बाहेर येत असतील, तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्याच्या दोन गुंडाळ्या सीरिजऐवजी पॅरलल जोडण्याची सोय करणे. असे केल्यास इंडक्टन्स सुमारे एक चतुर्थांश होतो, शिखर जवळपास दुप्पट कंप्रतेला जाते, आवाज थोडा उतरतो आणि हंबकरचा गुणगुण दाबण्याचा गुण कायम राहतो. ओढून-दाबून चालणारा पुश-पुल पॉट (बटणाखालचा फिरता रोध) टोनच्या जागी बसवला, की त्यासाठी वेगळे छिद्रही पाडावे लागत नाही.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर मग पिकअप बदलावा. डिमार्झिओच्या मॉडेल वनसारखे, त्याच मापाच्या खाचेत बसणारे पिकअप उपलब्ध आहेत. मागवण्यापूर्वी खाचेची लांबी, रुंदी आणि खोली, स्क्रूंमधील अंतर आणि तारांमधील अंतर मोजून घ्यावे. लाकूड कोरल्याशिवाय बसणार नाही असा पिकअप कितीही नावाजलेला असला, तरी घेऊ नये. कोरलेले लाकूड पुन्हा भरता येते, पण ते वाद्य पुन्हा पूर्वीचे होत नाही.

ब्रिज आणि किल्ल्यांविषयी थोडक्यात. चारही तारांची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येणारा ब्रिज आपल्या गिटारवर नसेल, तर तो बदल सार्थ आहे, कारण वरच्या फ्रेटांवर सूर खरा लागेल; गढूळपणा मात्र त्याने जाणार नाही. किल्ल्या घसरत नसतील, तर त्यांना हात लावू नये.

प्रश्न : मंचावर आवाज वाढवला की माझी बेस स्वतःहून घुमू लागते, विशेषतः एक-दोन सूर असे फुगतात की तारांवर हात ठेवल्याशिवाय ते थांबत नाहीत. विक्रेत्याने तर ‘सेमी-हॉलोला फीडबॅक होत नाही’ असे सांगितले होते.

उत्तर : विक्रेत्याचे विधान निम्मे खरे आहे. मधला ठोकळा वरच्या फळीला बांधून ठेवतो आणि त्यामुळे फीडबॅक उशिरा सुरू होतो; तो अजिबात होत नाही, असे नाही. शिवाय ‘सेमी-हॉलो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्वच वाद्यांत ठोकळा असतो असेही नाही. हॉफनरची ५००/१ ही व्हायोलिनच्या आकाराची बेस १९५६ मध्ये आली आणि पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये ती विकत घेतल्यानंतर जगभर पोहोचली. तिचा मूळ नमुना आतून पूर्ण पोकळ आहे, तर त्याच घाटाच्या काही स्वस्त आवृत्त्यांत ठोकळा घातलेला असतो. त्यामुळे आपण प्रथम एफ-होलमधून विजेरीचा प्रकाश टाकून, छोट्या आरशाच्या मदतीने आत काय आहे ते पाहून घ्यावे. छिद्रे नसतील तर पिकअप उचलून त्याच्या खाचेतून पाहता येते.

घुमणे आणि किंचाळणे हे दोन वेगळे आजार आहेत, हेही लक्षात घ्यावे. अँप्लिफायरचा आवाज खोक्याला हलवतो, खोके तारांना हलवते आणि तेच पुन्हा अँप्लिफायरकडे जाते, तेव्हा एखादा खर्जातील सूर घुमू लागतो. याउलट पिकअपमधील सैल वेढेच थरथरू लागले, तर तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते आणि तारा हाताने दाबल्या तरी ती थांबत नाही. त्यावर पिकअप मेणात बुडवून वेढे पक्के करणे हाच इलाज आहे. आपले वर्णन पहिल्या प्रकारचे आहे.

मंचावरील आवाजाच्या पातळीवर एकेक फ्रेट क्रमाने वाजवून कोणता सूर फुगतो, ते शोधून काढावे. ए तारेचा मोकळा सूर ५५ हर्ट्झचा, डी तारेचा सुमारे ७३ हर्ट्झचा आणि जी तारेचा ९८ हर्ट्झचा असतो. यावरून फुगणाऱ्या सुराची कंप्रता काढता येते. ती सापडली की तेवढाच अरुंद पट्टा कापणारे नॉच फिल्टर पुरते. सरसकट बेसचे बटण उतरवून आवाजाचा जीव घेण्याचे कारण नाही. सुमारे ३५ हर्ट्झच्या खालचे सारे अडवणारे हाय-पास फिल्टरही जोडावे, कारण तेथे वाद्याचा सूर नसतो, फक्त हाताळणीचे धक्के असतात. स्पीकरची पेटी कोपऱ्यात ठेवू नये, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज वाढवतात; आणि आपण स्पीकरच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. एवढ्याने भागले नाही, तर एफ-होलमधून मऊ फोमचे तुकडे आत सरकवावेत. ठासून भरू नयेत. वरच्या फळीला आतून हलका आधार मिळाला की पुरे. हा उपाय कमीपणाचा मानण्याचे कारण नाही. बी. बी. किंग आपल्या गिटारच्या छिद्रांत कापड कोंबत असत, आणि गिब्सनने १९८० मध्ये त्यांच्या ल्युसिल या गिटारचा नमुना बाजारात आणला तेव्हा त्यात एफ-होल ठेवलीच नाहीत.

प्रश्न : पट्टा लावून उभे राहिले की हात सोडताच गिटारचे डोके जमिनीकडे झुकते. खोक्याच्या वरच्या शिंगावर पट्ट्याचे बटण बसवून घ्यावे का?

उत्तर : बसवू नये. त्या शिंगाखाली सामान्यतः पातळ फळी आणि पोकळी असते. स्क्रूला पकड मिळत नाही आणि ओझ्याने फळी फाटते. खोके हलके आणि लांब नेकच्या टोकाला चार जड किल्ल्या, असा हा तराजू आहे. म्हणून रुंद आणि आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्यावा, आणि तेवढ्याने न भागल्यास हलक्या वजनाच्या किल्ल्या बसवाव्यात, कारण नेकच्या टोकाला वाचलेला प्रत्येक ग्रॅम खांद्याजवळच्या अनेक ग्रॅमइतका परिणाम करतो. नव्या किल्ल्यांचा दांडा जुन्या छिद्रात बसतो का आणि मागचे स्क्रू जुन्याच जागी येतात का, एवढे आधी मोजावे. पट्टा दोरीने नटच्या मागे हेडस्टॉकला बांधणे हा अकूस्टिक गिटारवाल्यांचा जुना तोडगाही येथे चालतो. शेपटाकडे शिसे चिकटवून तोल साधणारे लोक आहेत, परंतु हलके वाद्य घेऊन त्याला जड करण्यात काय मिळवले, हे मला कळलेले नाही.

प्रश्न : माझ्या व्हायोलिन घाटाच्या बेसचा लाकडी ब्रिज खोक्याला चिकटवलेला नाही, हे जुन्या तारा काढल्यावर कळले. नव्या तारा लावल्यापासून बाराव्या फ्रेटच्या पुढे सारे सूर चढे लागतात. शिवाय ई तारेचे वेष्टन नटवरच आले आहे. वाद्य बिघडले का?

उत्तर : वाद्य शाबूत आहे, ब्रिज मात्र जागेवरून सरकला आहे. अशा रचनेत तारा मागच्या लोंबत्या टेलपीसला अडकतात आणि ब्रिज केवळ त्यांच्या दाबाने उभा असतो. सतारीची घोडी जशी चिकटवलेली नसली तरी मनाला येईल तेथे सरकवता येत नाही, तसेच या ब्रिजचे आहे. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसते बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर यांची ट्यूनरवर तुलना करावी. दाबलेला सूर चढा असेल, तर तारेची लांबी कमी पडते आहे, म्हणून तारा थोड्या सैल करून ब्रिज त्या बाजूने टेलपीसकडे किंचित सरकवावा. उतरता असेल तर नेककडे आणावा. ई आणि जी या दोन्ही टोकांच्या तारा बऱ्यापैकी जुळल्या की मधल्या दोघी आपोआप जवळ येतात. पूर्ण अचूकता या ब्रिजकडून मिळत नाही आणि ती अपेक्षाही ठेवू नये. त्याच्या माथ्यावर फ्रेटच्या तारेचे छोटे तुकडे खाचांत बसवलेले असतील, तर ते एका खाचेतून दुसरीत बसवून थोडी सुधारणा करता येते.

ब्रिज जागेवर आला की त्याच्या पायांभोवती सहज निघणाऱ्या कागदी चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. पुढच्या वेळी तारा एकेक करून बदलाव्यात, म्हणजे तीन तारांचा दाब ब्रिजला धरून ठेवील. तारा सुरात लावताना ब्रिजचा माथा नेककडे कलत जातो. तो बाजूने पाहून वेळोवेळी सरळ करावा, नाहीतर एखाद्या दिवशी तो आडवा पडून वरच्या फळीवर व्रण करील.

वेष्टनाची अडचण वेगळी आहे. तारांच्या पाकिटावर ‘शॉर्ट स्केल’ लिहिलेले असले, तरी टेलपीस ब्रिजपासून बराच मागे असल्याने आपल्याला अधिक लांबीच्या तारा लागू शकतात. तारेचे गोळीचे टोक जेथे अडकते तेथपासून नटपर्यंतचे अंतर मोजावे, आणि तारेचा पूर्ण जाडीचा भाग त्या अंतराहून थोडा अधिक असेल अशाच तारा घ्याव्यात. रेशमी वेष्टन किंवा बारीक झालेला भाग नटच्या आत आला, की ती तार त्या वाद्याची नव्हे. फ्लॅटवाउंड तारांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी : जाड भाग किल्लीच्या दांड्याभोवती वळवला, तर सपाट पट्टी उकलते आणि तार मरते.

प्रश्न : घरातील थोरल्यांकडून मला साठच्या दशकातील सेमी-हॉलो बेस मिळाली आहे. व्हॉल्यूमचे बटण खरखरते, लाकडावरील रंगाला केसांसारख्या बारीक भेगा आहेत आणि क्रमांकावरून वर्ष निश्चित होत नाही. नवीन इलेक्ट्रॉनिक्स बसवून, नव्याने पॉलिश करून घ्यावे का?

उत्तर : पॉलिश अजिबात करू नये. त्या बारीक भेगा नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या वयाच्या आणि तापमानातील चढउतारांच्या खुणा आहेत. त्यांनी आवाजाचे काही बिघडत नाही, आणि मूळ लेप खरवडला की जुन्या वाद्याचे मोल फार घटते.

वर्षाविषयी : त्या काळात गिब्सनचे क्रमांक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा पुन्हा वापरले गेले, म्हणून एकट्या क्रमांकावर विसंबता येत नाही. पॉटच्या पाठीवर छापलेला आकडा अधिक उपयोगी ठरतो. त्यातील पहिले तीन अंक उत्पादकाचे असतात; १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. साठच्या दशकातील पॉटवर त्यापुढचे दोन अंक सामान्यतः वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे असतात. १३७६६२१ असे लिहिलेले असेल, तर तो पॉट सीटीएसने १९६६ च्या एकविसाव्या आठवड्यात बनवला, असे समजावे. वाद्य त्याच्या आधीचे असणार नाही. नंतरचे किती, हे मात्र त्यावरून ठरत नाही, कारण कारखान्यात पॉट पडून राहत असत, आणि मधल्या काळात कोणी पॉट बदललाही असेल. म्हणून झाळणीचे जोड कारखान्यातील वाटतात का, तेही बारकाईने पाहावे.

खरखरणारा पॉट बदलण्याआधी त्यात पॉट स्वच्छ करण्याचे, वंगण असलेले द्रव्य थोडेसे सोडून तो बऱ्याच वेळा पुढे-मागे फिरवावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. बदलावाच लागला, तर जुना पॉट, जुना कपॅसिटर आणि काढलेला प्रत्येक स्क्रू एका पिशवीत घालून वाद्याच्या पेटीतच ठेवावा. तारा, झिजलेले फ्रेट आणि घासलेला नट हे झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत. ते कुशल कारागिराकडून बदलून घेण्यात संकोच नसावा.

त्याहून महत्त्वाची तपासणी हेडस्टॉकची आहे. गिब्सन घराण्याच्या नेकवर नटच्या मागे, जेथे ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकमधील सळईच्या, खाचेमुळे लाकूड आधीच कमी झालेले असते, तेथेच नेक मोडण्याची शक्यता सर्वाधिक असते. मागच्या बाजूला रंगाची छटा बदलली आहे का, नखाला बारीक रेघ लागते का, ते पाहावे. चांगला चिकटवलेला जुना मोड आयुष्यभर टिकतो. पण तो आहे हे माहीत असले पाहिजे, विशेषतः जाड तारा लावण्याआधी. तारा सुरात असताना ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली, तर सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तिच्याखाली सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट दिसावी. फट फार असेल तर ट्रस रॉड घट्ट करावा लागतो. तो एका वेळी पाव वळशाहून कमी फिरवावा, आणि फिरत नसेल तर जोर न लावता कारागिराकडे जावे.

प्रश्न : पॉट बदलण्यासाठी मागे झाकणच नाही! सारे एफ-होलमधून करायचे का? आणि याच खटाटोपात अ‍ॅक्टिव्ह प्रीअँपही (बॅटरीवर चालणारे, संकेत वाढवणारे मंडल) बसवून टाकावा, असे वाटते.

उत्तर : होय, एफ-होलमधून किंवा पिकअपच्या खाचेतून करावे लागते, आणि घाई न करणाऱ्याला ते अवघड नाही. छिद्राच्या कडांना प्रथम कागदी चिकटपट्टी लावावी. प्रत्येक पॉटच्या दांड्याला आणि जॅकला बारीक नायलॉनचा दोरा घट्ट बांधावा, मगच त्याचा धातूचा नट सोडवून भाग आत ढकलावा. दोऱ्याचे दुसरे टोक बाहेर राहते आणि नवा भाग त्याच दोऱ्याने नेमक्या छिद्राशी ओढून आणता येतो. दांड्यावर घट्ट बसणारी रबरी नळीही याच कामासाठी उत्तम. सगळी जोडणी गिटारबाहेर, पुठ्ठ्यावर छिद्रांची जागा आखून आणि छिद्रे पाडून, त्यावर भाग बसवून पूर्ण करावी, आणि आत घालण्यापूर्वी केबल लावून वाजते का ते पाहावे. उघड्या जाळीच्या वायरींना इन्सुलेशनची नळी चढवावी, कारण आत गेल्यावर त्या कशाला टेकतील, याचा नेम नसतो. टेलपीसकडे जाणारी अर्थिंगची वायर विसरू नये. तारांना हात लावला की गुणगुण थांबली, तर ती जोडलेली आहे असे समजावे.

नवे पॉट घेताना हंबकरसाठी ५०० किलोओहमचे घेतल्यास थोडा खुलेपणा मिळतो. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा असेल आणि बटण उतरवताच सारे बुडत असेल, तर ०.०२२ चा वापरून पाहावा.

अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप मात्र गिटारच्या आत बसवू नये. बॅटरीला जागा नसते. ती पोकळीत चिकटवली, तर सुटून आत खडखडते, आणि संपली की कार्यक्रमाच्या मध्यावर एफ-होलमध्ये चिमटा घालून बसावे लागते. किमान १ मेगाओहम इनपुट इम्पीडन्स असलेला, पायाशी ठेवण्याचा प्रीअँप घ्यावा. तेच काम होते, आणि तो दुसऱ्या वाद्यालाही चालतो.

प्रश्न : आखूड स्केल मला जमत नाही. पूर्ण ३४ इंचांची, तरीही पोकळ अंगाची बेस मिळते का?

उत्तर : मिळते. जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचे जॅक कॅसेडी यांच्या नावाची एपिफोनची बेस १९९७ पासून बनते आणि तिची स्केल ३४ इंचांची आहे. गिब्सनच्या सत्तरच्या दशकातील लेस पॉल सिग्नेचर बेसवर ती बेतलेली आहे. तिच्या एकुलत्या पिकअपचा इम्पीडन्स कमी असून ट्रान्सफॉर्मरला जोडलेल्या तीन टप्प्यांच्या बटणाने ५०, २५० आणि ५०० ओहम यांपैकी एक निवडता येतो. ५० वर आवाज लहान पण काचेसारखा स्वच्छ, तर ५०० वर मोठा आणि गोल. गढूळपणाच्या प्रश्नावर पिकअप बनवतानाच शोधलेले हे उत्तर आहे, असे म्हणता येईल. कॅसेडी स्वतः आणि ग्रेटफुल डेड या बँडचे फिल लेश हे दोघेही आधी गिल्ड कंपनीची स्टारफायर ही बेस वाजवत, आणि दोघांच्याही वाद्यांतील इलेक्ट्रॉनिक्स अलेम्बिक या कंपनीने पुन्हा नव्याने रचले होते. त्या गिटारांत बरीच तोडमोड झाली, पण ते हात तसे काम करणाऱ्यांचे होते.

प्रश्न : स्टँडवर ठेवलेल्या गिटारच्या रंगावर चिकट डाग पडले आहेत. कशामुळे?

उत्तर : स्टँडच्या रबरामुळे किंवा विनाइलच्या नळीमुळे. त्यांतील द्रव्ये नायट्रोसेल्युलोज लॅकरला मऊ करतात. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनच्या लेपावर सहसा असे होत नाही, म्हणून शेजारच्या नव्या गिटारला काही झाले नसेल. स्टँडला सुती कापड गुंडाळावे. पडलेले डाग कोणत्याही द्रावकाने पुसू नयेत. लेप पुन्हा कडक होऊ द्यावा आणि मग कारागिराला दाखवावे.